खेळाडूच्या मनाची तालीम आणि प्रशासनाची जबाबदारी

२८ ऑगस्ट २०१८ रोजी जकार्ता येथील आशियाई क्रीडास्पर्धेत महिलांच्या कंपाउंड तीरंदाजीचा सांघिक अंतिम सामना भारत आणि दक्षिण कोरिया यांच्यात झाला. भारताच्या संघात ज्योती सुरेखा वेन्नम, मधुमिता कुमारी आणि जबलपूरची मुस्कान किरार या तिघी होत्या. सामना कोरियाने २३१ विरुद्ध २२८ असा जिंकला आणि आपल्याला रौप्यपदक मिळाले. विशीही न गाठलेल्या एका मुलीने जबलपूरच्या मैदानातून निघून आशियाई पदकापर्यंत पोचावे ही मोठीच गोष्ट आहे. तिचे मोल कमी करण्याचा माझा मुळीच हेतू नाही.

परंतु आयुष्यभर तक्ते आणि अहवाल वाचत आलेल्या माणसाची नजर एकूण बेरजेवर थांबत नाही, ती बेरीज कशी झाली तिकडे वळते. या सामन्यात चार फेऱ्या असतात. प्रत्येक फेरीत तिघींनी मिळून सहा बाण मारायचे आणि प्रत्येक बाणाला जास्तीत जास्त १० गुण, म्हणजे फेरीला ६०. भारताच्या चार फेऱ्यांचे गुण होते ५९, ५६, ५८ आणि ५५. कोरियाचे होते ५७, ५८, ५८ आणि ५८. तीन फेऱ्या संपल्या तेव्हा दोन्ही संघ १७३ वर बरोबरीत होते.

या आठ आकड्यांकडे वाचकांनी जरा शांतपणे पाहावे. संपूर्ण सामन्यातील सर्वांत चांगली फेरी कोणाची? भारताची. ५९ हा आकडा कोरियाला एकदाही गाठता आला नाही. मग सामना कोरियाने कसा जिंकला? तर त्यांची सर्वांत वाईट आणि सर्वांत चांगली फेरी यांत फक्त एका गुणाचा फरक होता आणि आपल्या बाबतीत तो चार गुणांचा होता. म्हणजे कौशल्यात आपण कमी नव्हतो. जे आपल्याला एकदा जमले ते त्याच पातळीवर चार वेळा जमले नाही, इतकेच. एका सामन्यावरून कोणाच्या मनाबद्दल निष्कर्ष काढू नये, तोही त्या मुलींच्या गैरहजेरीत तर नाहीच नाही. पण सर्वोच्च कामगिरी आणि सातत्याने सर्वोच्च कामगिरी या दोन निराळ्या गोष्टी आहेत हे समजून घ्यायला याहून स्पष्ट उदाहरण मला माहीत नाही. पहिलीसाठी लागणारी सामग्री, म्हणजे धनुष्य, मैदान, प्रशिक्षक, आहार हे सर्व पुरविण्यास आपले क्रीडा प्रशासन आता बऱ्यापैकी शिकले आहे. दुसरीसाठी जे लागते त्याचा विचार मात्र आपल्या फायलींमध्ये क्वचितच आढळतो. या लेखाचा विषय तोच आहे.

जबलपूरचेच उदाहरण पुढे नेतो. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या मराठी माणसाला हे गाव परके नाही. १८१७ पर्यंत ते नागपूरकर भोसल्यांच्या ताब्यात होते. पुढे रेल्वे, तोफगाडी कारखाना, शाळा-महाविद्यालये यांच्या निमित्ताने कितीतरी मराठी घरे येथे स्थिरावली. पण धनुष्यबाणाचा विचार केला तर या भूमीची ओळख त्याहून जुनी आहे. हा गोंडवन आहे, राणी दुर्गावतीचा प्रदेश. लगतचे मंडला आणि दिंडोरी हे जिल्हे गोंड आणि बैगा वस्तीचे. राणीच्याच नावाची आठवण सांगणाऱ्या रानीताल भागातील क्रीडासंकुलात आज मध्यप्रदेश शासनाची तीरंदाजी अकादमी आहे. निवड झालेल्या मुलामुलींची राहण्याजेवणाची, साहित्याची आणि प्रशिक्षणाची सोय शासन करते. ही व्यवस्था चांगली आहे आणि तिची फळेही दिसली आहेत. प्रश्न असा आहे की, या जबलपूरच्या किंवा देशातल्या कुठल्याही अशा अकादमीत मुलाच्या मनाच्या तालमीसाठी दिवसाच्या वेळापत्रकात किती मिनिटे राखलेली असतात?

मनाची तालीम म्हणजे नक्की काय, हे आधी सांगितले पाहिजे, कारण या शब्दाभोवती बराच गूढपणा जमा झालेला आहे. कंपाउंड तीरंदाजीत लक्ष्य ५० मीटरवर असते आणि १० गुणांचे वर्तुळ ८ सेंटिमीटर व्यासाचे, म्हणजे साधारण चहाच्या कपाच्या तोंडाएवढे. वैयक्तिक सामन्यात १५ बाण मारायचे. प्रत्येक बाणासाठी २० सेकंद मिळतात, आणि दोघे स्पर्धक आळीपाळीने मारतात. म्हणजे सबंध सामन्यात खेळाडूच्या स्वतःच्या वाट्याला फार तर ५ मिनिटे येतात. उरलेला वेळ प्रतिस्पर्ध्याचा बाण कुठे लागला, आपण किती मागे पडलो, गॅलरीत कोण ओरडले, हे पाहण्यात आणि ऐकण्यात जाऊ शकतो. हात, खांदे आणि पाठ यांनी ५ मिनिटे काम करायचे, पण मनाने मात्र सबंध वेळ. असे असतांना सहा तासांचा सराव हातांसाठी आणि शून्य तास मनासाठी, या वाटणीला कोणता हिशोब म्हणावे?

तीरंदाजांमध्ये 'टार्गेट पॅनिक' म्हणून एक प्रकार सर्वांना ठाऊक आहे. उत्तम तीरंदाजालाही अचानक असे होऊ लागते की पिवळ्या वर्तुळावर नेम स्थिर ठेवता येत नाही. नेम जुळण्याआधीच बाण सुटतो, किंवा नेम जुळूनही बोट हलत नाही. डोळे ठीक, स्नायू ठीक, धनुष्य ठीक. बिघाड असतो तो सवयीत आणि भीतीत. हा बिघाड दुरुस्त करता येतो, पण धनुष्य बदलून नव्हे. काही काळ खेळाडूला लक्ष्याशिवाय, अगदी जवळून, केवळ बाण सोडण्याच्या क्रियेवर लक्ष ठेवून सराव करावा लागतो. तो क्रम पुन्हा बसला की मग लक्ष्य हळूहळू लांब न्यायचे. हे काम जाणकाराच्या देखरेखीखाली महिनोन् महिने चालते. स्पर्धेच्या आदल्या दिवशी दिलेल्या स्फूर्तिदायक भाषणाने ते होत नाही.

तर मनाची तालीम म्हणजे अशा काही अत्यंत साध्या आणि कंटाळवाण्या सवयी. प्रत्येक बाणाआधी तोच क्रम, तीच पावले, तेवढाच श्वास. सावकाश श्वास सोडतांना हृदयाची गती किंचित मंदावते, त्याचा उपयोग करून घेणे. बाण ८ वर लागला तर पुढच्या बाणापूर्वी तो मनातून खाली ठेवण्यासाठी एखादी ठरलेली कृती. उद्याचे मैदान, वारा, गोंगाट, पंचाचा आवाज यांसह सामना डोळे मिटून आधी अनुभवणे. आणि रोज रात्री वहीत दोन ओळी : आज मन केव्हा सुटले, आणि परत कशाने आले. यातले काहीही चमत्कारिक नाही. पण पोहणे जसे व्याख्यान ऐकून येत नाही तसे हेही येत नाही.

महाराष्ट्राला या विषयाची ओळख करून देणारा माणूस योगायोगाने प्रशासनातलाच होता, याचा मला विशेष आनंद वाटतो. नाशिकचे भीष्मराज बाम हे भारतीय पोलीस सेवेतील अधिकारी. स्वतः नेमबाजीची आवड, योगाचा अभ्यास आणि पोलिसी नोकरीत पाहिलेली ताणाखालची माणसे, या तिन्हींच्या आधाराने त्यांनी खेळाडूंच्या मानसिक प्रशिक्षणाची स्वतःची पद्धत बसविली. २०१७ साली त्यांचे निधन झाले तोपर्यंत ते हेच काम करीत होते. अंजली भागवत, सुमा शिरूर यांच्यासारख्या नेमबाजांना आणि धावपटू कविता राऊतला त्यांचे मार्गदर्शन मिळाले. अंजली भागवत २००० च्या सिडनी ऑलिंपिकमध्ये अंतिम फेरीत पोचल्या आणि २००२ साली जागतिक क्रमवारीत पहिल्या आल्या. बामांचे 'विजयाचे मानसशास्त्र' हे पुस्तक मराठीत आहे, ही आपल्यासाठी आणखी एक जमेची बाजू. मात्र येथे एक प्रशासकीय मुद्दा नोंदवला पाहिजे. बामांनी जे उभे केले ते त्यांच्या व्यक्तिगत निष्ठेवर उभे होते. त्यांच्यासारखे आणखी पन्नास जण तयार करणारी, त्यांना जिल्ह्याजिल्ह्यांत पगारी पदावर बसविणारी व्यवस्था आपण केली नाही. व्यक्ती गेली की विद्याही विस्कळित होते, हा आपल्याकडचा जुना अनुभव आहे.

नेमबाजी ही तीरंदाजीची सख्खी बहीण, म्हणून तिच्यातील आणखी दोन उदाहरणे देतो. अभिनव बिंद्रा २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये पात्रता फेरीत तिसरा होता, अंतिम फेरीत सातवा आला. चार वर्षांनी बीजिंगला शेवटची गोळी उरली असतांना तो आणि फिनलंडचा हेन्री हॅकिनेन बरोबरीत होते. बिंद्राची गोळी १०.८ ला लागली, हॅकिनेनची ९.७ ला, आणि भारताला पहिले वैयक्तिक ऑलिंपिक सुवर्णपदक मिळाले. मधल्या चार वर्षांत त्याने मेंदूच्या लहरी आणि नाडीचे ठोके पडद्यावर पाहत स्वतःला शांत करण्याचा सराव केला, भीतीवर मात करण्यासाठी उंच खांबावर चढण्याचे प्रशिक्षणही घेतले. हे सर्व शक्य झाले कारण त्याच्या कुटुंबाची ऐपत होती. घरच्या आवारात रेंज बांधू शकणारे किती बाप या देशात आहेत? जे चंदीगडजवळच्या एका सधन घराने आपल्या मुलासाठी केले, ते दिंडोरीच्या मुलीसाठी कोणी करायचे असेल तर ते शासनानेच करायचे, दुसरे कोण करणार?

दुसरे उदाहरण कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेचे. २०२३ मध्ये हांगझोच्या आशियाई स्पर्धेत ५० मीटर रायफल थ्री पोझिशनच्या अंतिम फेरीत तो आघाडीवर होता. एक गोळी ७.६ ला गेली आणि तो चौथ्या स्थानावर राहिला. एक गोळी! पण दहा महिन्यांनी, १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत तोच स्वप्नील गुडघ्यावर बसून मारण्याच्या टप्प्यानंतर सहावा होता, झोपून मारण्याच्या टप्प्यानंतर पाचवा, आणि उभ्याने मारण्याच्या, म्हणजे सर्वांत कठीण टप्प्यात तिसऱ्या स्थानावर येऊन त्याने ४५१.४ गुणांसह कांस्यपदक मिळवले. चूक प्रत्येकाकडून होते. ती चूक पुढच्या स्पर्धेपर्यंत सोबत घेऊन जायची की नाही, हे मात्र शिकता येते.

आता कोरियाकडे परत येऊ. त्यांच्या ५८, ५८, ५८ मागे काय आहे? रिकर्व्ह प्रकारात त्यांच्या महिलांनी १९८८ ते २०२४ या काळातील सर्वच्या सर्व दहा ऑलिंपिक सांघिक सुवर्णपदके जिंकली आहेत. त्यांचे तीरंदाज बेसबॉलच्या भरलेल्या स्टेडियममध्ये, हजारो प्रेक्षकांच्या गोंगाटात सराव करतात. टोकियो आणि पॅरिसच्या आधी त्यांनी आपल्या जिनचॉन येथील राष्ट्रीय प्रशिक्षण केंद्रात त्या त्या स्पर्धेच्या मैदानाची प्रतिकृती उभारली, म्हणजे खेळाडू तेथे पोचेल तेव्हा ती जागा त्याला नवी वाटू नये. टोकियोत प्रेक्षकांना प्रथमच तीरंदाजांच्या हृदयाचे ठोके पडद्यावर दिसले. महिलांच्या वैयक्तिक अंतिम सामन्यात निर्णायक एकाच बाणाची पाळी आली, तेव्हा रशियाच्या एलेना ओसिपोव्हाचे ठोके मिनिटाला १६७ होते आणि कोरियाच्या आन सानचे ११८. आन सानने १० मारले. लोक म्हणाले, काय थंड डोक्याची मुलगी! मी म्हणेन, काय व्यवस्थित प्रशासन! ११८ हा आकडा एका मुलीचा आहे हे खरे, पण त्याच्यामागे एका संस्थेची वीस-पंचवीस वर्षांची शिस्त उभी आहे.

आणि हे केवळ कोरियनांनाच जमते असेही नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत एकाच दिवशी दोन मराठी मुले कंपाउंड प्रकारात जगज्जेती झाली. साताऱ्याची १७ वर्षांची अदिती स्वामी हिने अंतिम सामना १४९ विरुद्ध १४७ असा जिंकला, आणि नागपूरच्या ओजस देवतळेने अंतिम सामन्यात १५ पैकी १५ बाण दहावर मारून १५० विरुद्ध १४९ असा विजय मिळवला. प्रतिस्पर्ध्याने १४९ मारल्यावर आपल्याला एकही बाण चुकवण्याची मुभा उरत नाही, हे लक्षात घ्या. दोघेही साताऱ्यात प्रवीण सावंत यांच्या अकादमीत शिकलेले. नागपूर जबलपूरहून अर्ध्या दिवसाच्या अंतरावर आहे. तेव्हा आपल्या मातीत हे पिकत नाही असे कोणी म्हणू नये.

मग आपल्या क्रीडा प्रशासनात अडते कुठे? क्रीडाविषयक बैठकांना आणि प्रस्तावांना जो काही माझा संबंध आला, त्यावरून मला तीन समज घट्ट रुतलेले दिसले. पहिला समज, मनाची ताकद जन्मजात असते. 'ज्याच्यात दम आहे तो टिकेल', असे म्हणून आपण मोकळे होतो. गरीब घरची, जंगलातली मुले मुळातच कणखर असतात, हे त्याच समजाचे दुसरे रूप. कष्ट सोसण्याची ताकद आणि हजार डोळ्यांसमोर २० सेकंदांत बाण सोडण्याची ताकद या एक नव्हेत. दुसरा समज, हे काम एखाद्या पाहुण्या वक्त्याच्या दोन तासांच्या भाषणाने भागते. खर्चाची नोंद होते, छायाचित्र निघते, आणि मुले पुन्हा होती तिथेच. तिसरा आणि सर्वांत घातक समज, मानसशास्त्रज्ञाकडे जाणे म्हणजे काहीतरी बिघडले असणे. परिणामी ज्याला गरज आहे तोच टाळतो, कारण त्याला भीती असते की निवड समितीला कळले तर आपले नाव कापले जाईल.

याशिवाय एक चौथी गोष्ट आहे जिच्याबद्दल आपण प्रशासक बोलतच नाही. खेळाडूचे मन विस्कटवणारा एक मोठा घटक म्हणजे खुद्द प्रशासन. एका जिल्ह्यात काम करीत असतांना माझ्यासमोर एका खेळाडूची फाईल आली. राष्ट्रीय स्पर्धेत तिची कामगिरी असमाधानकारक, म्हणून शिष्यवृत्ती थांबवावी असा शेरा होता. मी जरा मागची पाने चाळली. प्रवासखर्चाची मंजुरी स्पर्धेच्या तीन दिवस आधी निघाली होती. आरक्षण मिळणे शक्यच नव्हते. मुलगी साध्या डब्यात, आपले साहित्य मांडीवर घेऊन, एक रात्र आणि एक दिवस प्रवास करून पोचली आणि दुसऱ्या सकाळी मैदानात उतरली. कामगिरीच्या तक्त्यात गुणांचा रकाना होता, क्रमांकाचा होता, प्रवासाचा नव्हता. शिष्यवृत्ती चालू राहिली, पण मला त्या तक्त्याने बरेच शिकवले. आपण ज्याचा रकाना ठेवत नाही, ते आपल्या लेखी घडतच नाही.

निवडीचे पत्र वेळेवर मिळेल का, बाण आणि सुटे भाग स्पर्धेपूर्वी येतील का, प्रशिक्षकाची बदली मध्येच होईल का, वसतिगृहातील जागा पुढच्या वर्षी राहील का, हे प्रश्न ज्या मुलाच्या डोक्यात घोळत असतील त्याला 'फक्त बाणावर लक्ष दे' असे सांगणे ही थट्टा आहे. खेळाडूकडून सातत्य हवे असेल तर आधी प्रशासनाने सातत्य दाखवावे.

म्हणून माझ्या काही ठोस सूचना आहेत.

एक, निवासी क्रीडा अकादमीच्या मंजूर पदांमध्ये मानसिक प्रशिक्षकाचे एक पूर्णवेळ पद असावे. ही व्यक्ती मुलांच्या भाषेत बोलणारी हवी. मनातली भीती माणूस परक्या भाषेत सांगू शकत नाही, हे परप्रांतात राहिलेल्या मराठी वाचकांना मी वेगळे सांगायला नको.

दोन, रोजच्या वेळापत्रकात अर्धा तास, पहिल्या दिवसापासून आणि सर्वांसाठी. सर्वांसाठी असले की लाज उरत नाही.

तीन, आठवड्यातून एकदा दडपणाखालचा सराव. ध्वनिवर्धक, प्रेक्षक, घड्याळ, हरल्यास काहीतरी गमवावे लागेल अशी अट. शहरातील शाळांची मुले प्रेक्षक म्हणून बोलावली तर खर्च जवळजवळ नाही, आणि त्यांतून पुढचे खेळाडूही मिळतील.

चार, मानसिक प्रशिक्षकाकडील नोंदी निवडप्रक्रियेपासून कायमच्या अलग असाव्यात. हे लेखी नियमात हवे, तोंडी आश्वासन पुरत नाही.

पाच, स्पर्धेपूर्वीच्या काळासाठी प्रशासनावर बंधने असावीत. तिकिटे आणि साहित्य किमान महिनाभर आधी, आणि शेवटच्या आठवड्यात पाहुण्यांच्या भेटी, सत्कार, उद्घाटने बंद.

सहा, मूल्यमापन केवळ पदकांवर न करता सरासरी आणि चढउतारावर करावे. ज्या मुलीची सर्वांत वाईट फेरी गेल्या वर्षी ५२ होती आणि यंदा ५६ आहे, तिने प्रगती केली आहे, पदक मिळो वा न मिळो.

यावर अपेक्षित आक्षेप खर्चाचा. माझा अंदाज असा की, एका अकादमीच्या प्रवेशद्वारावर जी कमान बांधली जाते तिच्या खर्चात एका प्रशिक्षकाचा काही वर्षांचा पगार निघेल. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे : या क्षेत्रात भोंदूही शिरतील. शिरतील, हे मान्य. म्हणूनच पद, पात्रता, देखरेख आणि नोंदी हव्यात. औषधांत भेसळ होते म्हणून आपण दवाखाने बंद करीत नाही. तिसरा आक्षेप असा की योग, प्राणायाम हे सर्व आपल्याकडे आधीच आहे. आहे, आणि बामांनी त्याचा उत्तम उपयोग करून दाखवला. पण वर्षातून एकदा सामूहिक आसने करून घेणे वेगळे, आणि एका विशिष्ट मुलीला तिच्या विशिष्ट भीतीसाठी श्वासाची विशिष्ट सवय लावणे वेगळे.

आणखी एक सावधगिरी. मनाची तालीम म्हणजे मुलाला यंत्र बनवणे नव्हे. सिमोन बाइल्स ही अमेरिकेची जिम्नॅस्ट टोकियोत सांघिक अंतिम फेरीतून मध्येच बाहेर पडली, कारण हवेत असतांना आपले शरीर कुठे आहे याचे भान तिला राहत नव्हते. तेव्हा तिच्यावर टीकाही झाली. २०२४ मध्ये पॅरिसला तिने तीन सुवर्ण आणि एक रौप्यपदक मिळवले. थांबण्याची परवानगी हाही तालमीचाच भाग आहे. आपल्या संस्थांमध्ये ती परवानगी कोण देणार, हे ठरलेले नसते आणि मग मूल एक दिवस धनुष्य ठेवून घरी निघून जाते. फाईलवर शेरा येतो, 'स्वेच्छेने अकादमी सोडली'.

हे सर्व आत्ताच बोलण्याचे कारण आहे. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये कंपाउंड तीरंदाजीचा मिश्र सांघिक प्रकार प्रथमच घेण्याचे २०२५ मध्ये जाहीर झाले. पॅरिसपर्यंत भारताला तीरंदाजीत एकही ऑलिंपिक पदक नाही, आणि कंपाउंड हा आपला बलवान प्रकार आहे. म्हणजे जबलपूर, सातारा, नागपूर येथे आज सराव करणाऱ्या मुलामुलींसमोर एक दार उघडले आहे. त्यांचे हात तयार आहेत. मनासाठी लागणारी वर्षे मात्र ऐनवेळी उसनी आणता येत नाहीत.

महाराष्ट्राबाहेरच्या मराठी वाचकांना एक विनंती. आपल्यापैकी अनेकांची मुले, पुतण्या, भाच्या त्या त्या प्रांताच्या अकादमीत किंवा क्लबात खेळतात, आणि आपल्यात डॉक्टर, मानसशास्त्रज्ञ, शिक्षकही पुष्कळ आहेत. पुढच्या वेळी मुलाला सोडायला मैदानावर जाल तेव्हा तेथील अधिकाऱ्यांना तीन प्रश्न विचारा. येथे मनाच्या तालमीसाठी रोज किती मिनिटे आहेत? ती कोण घेतो? आणि मुलाने त्याला सांगितलेले कोणाकोणाला कळते? उत्तर समाधानकारक नसेल तर तेच प्रश्न लेखी द्या आणि पोच घ्या. तोंडी प्रश्न हवेत विरतात. लेखी प्रश्नाला मात्र जावक क्रमांकाचे उत्तर द्यावेच लागते.